घरातले शस्त्र, दारातला पोलीस

भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात ज्यांचे गाळे, गोदामे आणि पेढ्या आहेत, अशा आपल्या कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार निघतो : परवाना काढावा का? कसला परवाना, हे कोणी विचारत नाही. भंगाराच्या ठेक्यावरून होणारी दमदाटी, माथाडीच्या नावाखाली मागितली जाणारी खंडणी, रात्री उशिरा वसुली घेऊन परतणारा मुलगा, या साऱ्यांचा भार त्या एका शब्दात सामावलेला असतो. ३० जुलै २०१८ रोजी चाकणमध्ये बसगाड्या पेटल्या, पोलीसही जखमी झाले, तो दिवस येथील व्यापाऱ्यांच्या स्मरणातून अद्याप गेलेला नाही. त्यानंतर पंधरवड्याने, १५ ऑगस्ट २०१८ रोजी, पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले आणि तोवर पुणे ग्रामीण पोलिसांकडे असलेले चाकण, आळंदी, देहूरोड व तळेगाव हे भाग त्याला जोडले गेले. शस्त्रपरवान्यासाठी पूर्वी जिल्हाधिकारी कचेरीकडे पाहणारा चाकणचा व्यापारी आता पोलीस आयुक्तांकडे पाहतो.

परवाना घ्यावा की न घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. त्याचा निर्णय येथे करावयाचा नाही. विचार करावयाचा आहे तो त्यापुढच्या, सहसा कोणी न विचारलेल्या गोष्टीचा. शस्त्र घरात आले आणि एके दिवशी पोलीस दारात आले, तर त्या दोहोंची गाठ कशी पडावी?

प्रथम कायदा. आपली मुले अमेरिकेतून सुटीला येतात तेव्हा तेथील काही राज्यांत माणसे कमरेला पिस्तूल लावून दुकानात हिंडतात, असे सांगतात. आपल्याकडे असा हक्क नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना हीच मुळात अपवादाने मिळणारी सवलत आहे. शस्त्र नियम, २०१६ असे सांगतात की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर न्यावयाचे तर ते म्यानात किंवा तशाच साधनात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते बाहेर काढून दाखवणे निषिद्ध आहे. जेथे गिऱ्हाइकांची दिवसभर ये-जा असते तो गल्ला ‘माझी खाजगी जागा’ म्हणून चालेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. स्वतःच्या घराच्या चार भिंतींत परवान्याचे शस्त्र असणे हा अर्थातच अपराध नाही. पण तेच शस्त्र हातात धरून कोणाशी बोलणे म्हणजे धमकी, आणि समोर कर्तव्यावरचा पोलीस असेल तर लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्याचा स्वतंत्र गुन्हा. परवाना शस्त्र बाळगण्याला संरक्षण देतो, शस्त्र दाखवण्याला देत नाही.

हा फरक किती महाग पडू शकतो, ते शेजारच्या मुळशी तालुक्याने पाहिले आहे. धडवली येथील जमिनीच्या वादात मनोरमा खेडकर यांनी हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांना धमकावल्याचा आरोप झाला. घटना २०२३ ची, पण तिची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सर्वत्र फिरली. पौड पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि १८ जुलै २०२४ रोजी रायगड जिल्ह्यात त्यांना अटक झाली. पुढे घराची झडती होऊन पिस्तूल आणि काडतुसे जप्त करण्यात आली, परवाना रद्द का करू नये अशी नोटीस निघाली. नंतर न्यायालयाने जामीन दिला. दोष आहे की नाही हे न्यायालय ठरवील. आपल्यासाठी ध्यानात घेण्याची बाब एवढीच की त्या शस्त्राला परवाना होता, आणि त्या परवान्याने या प्रसंगात काहीही वाचवले नाही.

दुसरे प्रकरण अधिक जवळचे आणि अधिक दुःखाचे. १६ मे २०२५ रोजी भुकूम येथे वैष्णवी हगवणे या तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तपास बावधन पोलीस ठाण्याकडे, म्हणजे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडेच आला. तिचे तान्हे मूल परत आणायला गेलेल्या नातलगांना पिस्तुलाचा धाक दाखवल्याचा आरोप त्यात पुढे आला. कुटुंबातील व्यक्तींनी खोटा पत्ता देऊन शस्त्रपरवाने मिळवल्याचे गुन्हेही नोंदवले गेले. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. तरीही एक गोष्ट बोलून दाखवावीशी वाटते. सोयरिकीच्या बैठकीत ‘त्यांच्याकडे दोन परवाने आहेत’ हे वाक्य हल्ली मोठेपणाचे लक्षण म्हणून उच्चारले जाते. मुलीच्या पित्याने ते ऐकून प्रभावित होण्याऐवजी चार प्रश्न अधिक विचारावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दारातल्या पोलिसाकडे येऊ. रात्री दोन वाजता बेल वाजते. बाहेर चार माणसे, ‘पोलीस, दार उघडा’ म्हणतात. घरात सोने आहे, रोकड आहे, वृद्ध आई आहे, आणि कपाटात पिस्तूल आहे. व्यापारी माणसाच्या मनात येणारी पहिली शंका अगदी रास्त असते : हे खरोखर पोलीसच आहेत कशावरून? १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयची म्हणून धाड पडली. धाड घालणाऱ्या तरुणांना वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून ‘नोकरी’ मिळालेली होती, दागिने घेऊन निघून गेलेला त्यांचा म्होरक्या आजतागायत सापडलेला नाही. तेव्हा संशय घेणे हा भित्रेपणा नव्हे. प्रश्न आहे तो संशयाचे निरसन पिस्तूल हातात घेऊन करायचे की दुसऱ्या रीतीने.

कायद्याने या क्षणाचा विचार बारकाईने केलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ असे सांगते की लोकसेवक आपल्या पदाच्या अधिकारात सद्भावनेने जे करतो त्याविरुद्ध खाजगी संरक्षणाचा हक्क नाही, मग त्याचे ते कृत्य काटेकोरपणे कायद्यात बसणारे नसले तरी. मात्र त्या कृत्याने मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण होत नसावी. म्हणजे पोलिसाकडे कागद अपुरा आहे, त्याची वागणूक उद्धट आहे, झडतीची पद्धत चुकते आहे, यांपैकी कोणत्याही कारणासाठी शस्त्राला हात लावता येत नाही. त्या तक्रारींची जागा न्यायालय आहे, उंबरठा नव्हे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दुसरी बाजूही आहे : समोरचा माणूस लोकसेवक आहे हे आपल्याला ठाऊक नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर आपला हक्क जात नाही. सारा भार म्हणून ओळखीवर येऊन पडतो. ‘आपण कोण, कोणत्या ठाण्यातून आलात?’ हा साधा प्रश्न त्या रात्री कोणत्याही शस्त्रापेक्षा अधिक उपयोगाचा आहे. तो विचारला आणि खरे उत्तर मिळाले की पुढे अज्ञानाची सबब उरत नाही. तो विचारलाच नाही, तर नंतर न्यायालयात ‘मला वाटले दरोडेखोर’ हे म्हणणे फार दुबळे ठरते.

म्हणून लोखंडी जाळीचे सुरक्षादार बंद ठेवून बोलावे. बाहेरचा दिवा लावावा. ओळखपत्र जाळीतून पाहावे. अटक करणाऱ्या पोलिसाने नावाची स्पष्ट ओळख अंगावर धारण करणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. शंका राहिली तर त्यांच्यादेखतच ११२ क्रमांकावर फोन करावा आणि आमच्या दारात आपले पथक आहे काय, असे विचारावे. खऱ्या अधिकाऱ्याला याचा राग येऊ नये; आला तरी दोन मिनिटांनी तो शांत होतो. तोतयाला मात्र ती दोन मिनिटे परवडत नाहीत. ओळख पटली आणि त्यांच्याकडे झडतीचा अधिकार असला, तर दार उघडणे भाग आहे, अडवल्यास ते तोडण्याची मुभा कायदा पोलिसांना देतो. घरमालकाच्या बाजूनेही तरतुदी आहेत. परिसरातील दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच, झडतीच्या वेळी उपस्थित राहण्याचा हक्क, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत, आणि नव्या संहितेप्रमाणे झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण. ही सर्व मागणी नम्र शब्दांत, रिकाम्या हातांनी करता येते.

रिकाम्या हातांनी, हे शब्द मी हेतुपूर्वक लिहितो आहे. घरात शस्त्र आहे हे लपवू नये, आणि ते आणून दाखवण्याची घाईही करू नये. ‘साहेब, घरात परवान्याचे पिस्तूल आहे, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे, ही किल्ली, हा परवाना’ एवढे सांगून कपाटापर्यंत त्यांना नेणे हे सर्वांत सुरक्षित. आपल्या मनात सहकार्य असते. पण आतल्या खोलीतून पिस्तूल घेऊन बाहेर येणारा माणूस पाहणाऱ्या शिपायाला आपले मन दिसत नाही, हात दिसतो.

हा हात काय करतो याचे अत्यंत विदारक उदाहरण, शस्त्र उघड बाळगण्याचा हक्क मानणाऱ्या देशातलेच आहे. ३ मे २०२४ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात रॉजर फोर्टसन या तेवीस वर्षांच्या हवाईदल सैनिकाच्या सदनिकेचे दार एका पोलीस अधिकाऱ्याने ठोठावले. फोर्टसन एकटाच घरात होता. त्याने दार उघडले तेव्हा त्याच्या हातात स्वतःचे कायदेशीर पिस्तूल होते आणि त्याची नळी जमिनीकडे होती. काही क्षणांतच अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या आणि तो तरुण मरण पावला. अधिकाऱ्याला बडतर्फ करण्यात आले, त्याच्यावर मनुष्यवधाचा खटलाही भरला गेला. पण आईच्या हाती मुलाचा देहच आला. तेथील घरांत शिकायला वा नोकरीला असलेल्या आपल्या मुलांशी या विषयावर एकदा बोलून ठेवणे आवश्यक आहे. सोबत्याकडे परवान्याचे शस्त्र आहे का, ते कोठे असते, आणि दारावर थाप पडली तर त्याला हात लावायचा नाही, एवढे तरी.

आपल्याकडे पोलीस अनेकदा आपणच बोलावलेले असतात, आणि तेव्हा घोटाळ्याची शक्यता अधिक. मागच्या खिडकीचे गज कापल्याचा आवाज आला, आपण ११२ ला कळवले, कपाटातून पिस्तूल काढले, चोर पळाले आणि तेवढ्यात पोलीस आले. अंधारात त्यांना एक सशस्त्र माणूस दिसतो. तो शेठजी आहे की दरोडेखोर, हे त्यांनी कसे ओळखावे? फोनवरच सांगावे की घरमालकाकडे परवान्याचे शस्त्र आहे. गाडी आल्याचे कळताच ते रिकामे करून खाली ठेवावे, घरातले सर्व दिवे लावावेत आणि मोकळे हात दिसतील असे उभे राहावे. घरफोडी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झाली तर संरक्षणाचा हक्क किती दूरवर जातो, हे न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे. पण त्यालाही दोन मर्यादा आहेत. गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मिळवण्यास वेळ असेल तर हक्कच उरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी संरक्षणाच्या व्याख्येत बसवणे वकिलालाही जड जाते.

येथपर्यंत कायद्याचे झाले. आपण श्रावक आहोत, तेव्हा दुसरा एक कायदा आपल्याला त्याहून जुना आणि अधिक परिचित आहे. बारा व्रतांतील आठवे अनर्थदंड विरमण. निष्प्रयोजन पापापासून परावृत्त होण्याचे हे व्रत. त्याच्या पाच अतिचारांत ‘संयुक्ताधिकरण’ हा एक अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी उच्चारतो, आणि बहुधा पुढच्या शब्दाकडे जातो. अधिकरण म्हणजे हिंसेचे साधन. ते जोडून, वापरायला सज्ज अवस्थेत ठेवणे म्हणजे संयुक्ताधिकरण. परंपरेने दिलेली उदाहरणे घरगुती आहेत : उखळापाशीच मुसळ, नांगराला जोडलेला फाळ, धनुष्याला लावलेला बाण. साधन सुटे असेल तर ते जोडण्यास वेळ लागतो, त्या वेळात राग ओसरतो, कोणी मागायला आले तर नाही म्हणता येते. धनुष्याच्या जागी पिस्तूल आणि बाणाच्या जागी काडतूस ठेवून पाहा. शस्त्र कुलपात, रिकामे, आणि काडतुसे दुसऱ्या कपाटात, हा जो उपदेश आज प्रशिक्षण देणारे करतात, तो आपल्या पाठात कधीचाच आहे.

जैनांनी शस्त्र कधी धरलेच नाही, असा दावा मी करणार नाही. श्रवणबेळगोळ येथे बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. अबूवरील लूणवसहीचे निर्माते वस्तुपाल आणि तेजपाल हे राज्याचे मंत्री होते आणि रणांगणही त्यांना परके नव्हते. गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद करून परंपरेने आक्रमणाच्या प्रतिकाराला संकल्पी हिंसेपासून वेगळे ठेवले. पण त्या सवलतीत लग्नाच्या वरातीतला गोळीबार बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा उत्सवी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंतचा कारावास किंवा एक लाखापर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. फार्महाउसवर मित्रांपुढे पिस्तूल टेबलावर ठेवून गप्पा मारणे कदाचित कोणत्या कलमात येणार नाही. अनर्थदंडात मात्र निश्चित येते.

त्याच व्रतात ‘हिंसाप्रदान’, म्हणजे दुसऱ्याच्या हाती हिंसेचे साधन देणे, हेही वर्ज्य सांगितले आहे, आणि येथे आपली कुटुंबे नकळत मोठ्या संकटात सापडू शकतात. परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा वा फर्मचा नसतो. वडिलांचे पिस्तूल गाडीच्या कप्प्यात टाकून मुलगा एकटाच म्हाळुंग्याच्या गोदामावर निघाला, तर वाटेतील नाकाबंदीत तो विनापरवाना शस्त्रधारी आहे. परवानाधारकाच्या उपस्थितीत, किंवा दुरुस्ती अथवा नूतनीकरणासाठी त्याच्या लेखी अधिकारपत्रानिशी नेणे, असे मोजकेच अपवाद कायद्यात आहेत. विनापरवाना शस्त्राला किमान दोन ते कमाल पाच वर्षांची कैद आहे. मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमरटीकडून येणाऱ्या गावठी पिस्तुलांबाबत जे कलम लावतात तेच. आपला पदवीधर मुलगा त्या रांगेत उभा राहू शकतो, ही कल्पना कोणालाच नसते. पेढीवर ठेवलेल्या बंदूकधारी रक्षकाचेही तसेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहिल्यानगर परिसरात जम्मू-काश्मीरच्या बनावट परवान्यांवर बंदुका बाळगणाऱ्या रक्षकांना पकडण्यात आले. रक्षकाचा परवाना आणि त्यावरील विशिष्ट ओळख क्रमांक आपल्या हद्दीतील ठाण्यात पडताळून घेणे हे मालकाचे काम आहे, एजन्सीवर सोडून देण्याचे नाही.

अपघाताविषयी फार लिहीत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहू येथील घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून निसटले, गोळी सुटून त्यांच्याच पायात शिरली. पोलीस घरी आले, जबाब झाले, रिव्हॉल्व्हर ताब्यात घेतले गेले. सुदैवाने त्या वेळी जवळ लहान मूल नव्हते.

निवडणुका आल्या की ठाण्यातून फोन येतो : शस्त्र जमा करा. आपल्यापैकी काही जणांना यात अपमान वाटतो. सर्वांनाच सरसकट जमा करायला लावण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे अशी पद्धत आहे. ज्याला खरोखर धोका आहे त्याने समितीकडे कारणांसह लेखी अर्ज करावा. आदेश आलाच तर पोच घेऊन शस्त्र जमा करावे आणि ती पोच परवान्याबरोबर ठेवावी. वाद घालायला शस्त्रासह ठाण्यात जाऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

शेवटी त्या बंदुकीविषयी, जी आपल्या जुन्या वाड्यांत अजूनही निघते. आजोबांची बारा बोअर, तेल लावून कापडात गुंडाळलेली, माळ्यावर. आजोबा जाऊन आठ वर्षे झाली, परवाना त्यांच्याच नावाचा, मुदत केव्हाच संपलेली. कोणी ती चालवलेली नाही, कोणाच्या मनातही काही नाही. तरीही परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती घरात राहणे कायदेशीर नसते. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला ती हवी असेल तर वारसाहक्काने परवाना मागता येतो, इतर वारसांची संमती घेऊन. धारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगून झाले तर त्याच्या हयातीतही ते वारसाच्या नावे करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. ज्यांचे वडील आज बहात्तर वर्षांचे आहेत आणि ज्यांच्या कपाटात त्यांचे रिव्हॉल्व्हर आहे, त्यांनी या तरतुदीचा उपयोग त्यांच्या डोळ्यांदेखत करून घ्यावा. आणि २०१९ पासून एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही त्याच वेळी तपासावे.

ज्यांच्याकडे अशी जुनी बंदूक निघेल त्यांनी ती पिशवीत घालून थेट ठाण्यात नेऊ नये. आधी ठाण्यात जाऊन, मृत्यूचा दाखला आणि जुन्या परवान्याची प्रत देऊन लेखी अर्ज करावा, अधिकाऱ्याने सांगितल्याप्रमाणे ती जमा करावी किंवा त्यांनाच घरी येऊन ताब्यात घेण्याची विनंती करावी, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक बरोबर लिहिला आहे ना, ते तेथेच वाचून पाहावे.